मिटलेल्या टपातली वीतभर जागा

जे लिहितेय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. पटवून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला ते सांगून मोकळं व्हायचंय, बस.

आणि असले प्रकार रात्रीच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते. यात रात्र नाही. सगळं लख्ख उजेडात झालं, पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी सुताराचं रंधा मशीन चालू असताना. शेवटचा प्रकार तर भर रस्त्यात झाला. मार्च महिना, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा.

मी गाड्यांच्या सीटा आणि टप, म्हणजे कापडी छपरं, शिवते. माझा मोठा भाऊ लोखंडाचं काम करतो. तो सांगाडा बनवतो आणि मी त्यावर कातडं चढवते, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

आता म्हणत नाही.

गिऱ्हाईक होते कप्तान. खरंच कप्तान, सगळी हयात जहाजावर गेलेली. निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून त्यांनी एक जुनी दोन दारांची गाडी स्वतः बांधली होती. तिचं छप्पर कापलं, पुढची काच चार बोटं खाली घेतली, मडगार्ड तिसऱ्याच गाडीची लावली.

"नाक एकीचं, डोळे दुसरीचे," दादा म्हणाला, "पण पोरगी देखणी आहे."

कप्तानांना तिच्यावर घडीचा टप हवा होता. हवा तेव्हा चढवायचा, हवा तेव्हा मिटवायचा.

"जन्मभर डोक्यावर आभाळ घेऊन फिरलो," ते म्हणाले. "आता ते माझ्या मर्जीने उघडावं आणि मिटावं, एवढीच हौस आहे."

अशा गाडीला तयार टप कुठेच मिळत नाही. दुसऱ्या गाडीचा घडीचा सांगाडा आणायचा आणि तो हिच्या अंगाला बसवायचा. पाच कमानी मधून कापून अरुंद करायच्या. बाजूच्या पट्ट्या आखूड करायच्या. बिजागऱ्यांच्या जागा बदलायच्या. चढवला की तो पुढच्या काचेच्या चौकटीवर येऊन बसला पाहिजे, मिटवला की मागच्या सीटमागच्या खोबणीत गपचूप शिरला पाहिजे. एक बिजागरी बोटभर चुकली की सगळा खेळ बिघडतो. दादाने असे नऊ टप केले होते. नऊच्या नऊ बसले होते.

सांगाडा भंगारवाल्याने टेम्पोतून आणून दिला. मिटलेला होता. जुनं कापड अजून त्याच्यावरच होतं आणि वरून दोर. सात वेढे.

"पळून जाणार होता की काय?" दादा म्हणाला.

भंगारवाला हसला नाही. "ज्याने आणून टाकला त्यानेच बांधलाय. मी सोडला नाही."

दादाने सुरीने दोर कापला.

सांगाडा... हळूच वीतभर वर आला.

आणि थांबला. कुणीतरी खूप वेळ कोंडलेला श्वास सोडावा तसा.

"स्प्रिंग आहे आत," दादा म्हणाला आणि त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा काढून फळीवर ठेवल्या. हे लक्षात ठेवा. स्प्रिंगा पहिल्याच दिवशी निघाल्या होत्या.

जुनं कापड उसवायचं काम माझं. वरून ते चांगलं होतं, नुसतं उन्हाने विटलेलं. मी ते उलटं केलं.

आतलं अस्तर... ओरबाडलेलं होतं.

चार-चार रेघा, शेजारी शेजारी. काही ठिकाणी अस्तर फाटून आतला कापूस बाहेर आलेला. आणि हे कुठे, तर मागच्या दोन कमानींच्या मध्ये. गाडीत बसलेल्या माणसाचा हात तिथे पोचतच नाही. टप मिटवला की तो भाग खोबणीच्या पार तळाशी जातो. तिथे पोचायचं तर माणूस टपासोबत घडीतच जायला हवा.

कापूस चाचपला तर काहीतरी टोचलं. बाहेर काढलं.

नख होतं. अख्खं, मुळापासून निघालेलं.

मी दादाला दाखवलं. "उंदीर असेल," तो म्हणाला.

"उंदराला एवढं नख?"

"मग मांजर. छोटे, कामाला लाग."

मी कापड पोत्यात भरून दिलं टाकून. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही मांजरच हवं होतं.

पंधरा दिवस दादाने सांगाड्यावर काम केलं. साडेचार इंचाने अरुंद केला. पाची कमानींना जोड दिले, घासून असे गुळगुळीत केले की बोट फिरवलं तरी कळू नये. गाडीवर बसवला. चढवून बघितला. चपखल बसला, जणू कारखान्यातूनच तिच्यासाठी आलेला.

मग मिटवला.

पूर्ण मिटला की त्याची थप्पी अकरा इंच व्हायला हवी होती. भरली एकोणीस.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मध्ये वीतभर जागा राहत होती. मध्ये काहीच नव्हतं. दादाने बॅटरी मारली. आरसा घालून खालून बघितलं. बिजागऱ्या सोडून पुन्हा बांधल्या, वायसर बदलले, भोकं सरकवली. तीन दिवस.

एकोणीस.

"मापात चूक असेल," मी म्हणाले.

"मापात चूक नाही," दादा म्हणाला. "मध्ये काहीतरी आहे, असं वागतोय तो."

मी त्या जागेत हात घातला.

ती जागा... उबदार होती.

वरची नळी थंड. खालची नळी थंड. मधली नुसती हवा, आणि ती अंगाएवढी गरम. मी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. काही लागलं नव्हतं, तरी पुसला.

सुताराचं मशीन दुपारी एक ते दोन बंद असतं. त्या तासाभरात शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते. त्या आठवड्यात मला त्या वेळी रोज एक आवाज यायचा.

कापडावरून... नख ओढल्याचा.

कापड तर मी कधीच टाकून दिलं होतं. तिथे नुसता लोखंडी सांगाडा होता.

मी दादाकडे बघायचे. तो डबा खात बसलेला असायचा, मान खाली घालून. त्यालाही ऐकू येत होतं. ते मला त्याच्या चावण्यावरून कळायचं. आवाज आला की त्याचा जबडा थांबायचा.

आठव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. माझा भाऊ तसा शांत आहे, पण लोखंडाने ऐकलं नाही की त्याच्यासारखा खवीस नाही. त्याने गाडीत चढून मिटलेल्या सांगाड्यावर गुडघा ठेवला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं.

"बस खाली," तो दात ओठ खाऊन म्हणाला. "बस म्हणतो ना. बस."

सांगाडा हलला नाही. दादाने दुसरा गुडघा ठेवला. वरची पट्टी दोन्ही हातांनी धरून तो उसळून उसळून दाबायला लागला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा...

ओली फांदी मोडावी तसा आवाज आला.

एक नाही. पाच-सहा, एकामागोमाग. आणि सांगाडा बसला. अकरा इंच.

दादाने घाम पुसला. माझ्याकडे बघून हसलासुद्धा. "बघितलंस? गंज होता कुठेतरी."

आणि उतरण्यासाठी त्याने डावा हात कमानीवर टेकला.

सांगाडा वर उसळला आणि खटकन मिटला. डोळा लवला एवढ्यात. दादाचा हात मधे होता.

तो ओरडला नाही. पांढराफटक पडला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "छोटे. वर उचल."

मी उचलायला गेले. इतके दिवस मी तो सांगाडा एका हाताने उचलत होते. आता दोन्ही हातांनी हलेना. कडेने रक्त यायला लागलं. मी हातोडी घेतली आणि बिजागरीवर घातली. दादाचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. मी घालत राहिले. हातोडी निसटून माझ्याच मनगटावर बसली, तरी घालत राहिले.

मग तो आपोआप उघडला. सावकाश, शहाण्यासारखा.

दोन बोटं गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

सुताराने त्याच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बोटं लगेच आणा, जोडता येतील. सुतार उलट्या पावली परत गेला. त्याने शेड झाडली. गाडी आतून चाचपली. खोबणीत डोकं घालून बघितलं.

बोटं मिळाली नाहीत.

"वहिनींना सांगू नका," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "पण तिथे रक्तसुद्धा नाहीये. जमिनीवर आहे. लोखंडावर थेंब नाही."

वहिनीने नवव्या दिवसापर्यंत दादाला घराबाहेर पडू दिलं नाही. दहाव्या दिवशी तो चपला घालायला लागला.

"एक टप राहिला म्हणून जग बुडत नाही," ती म्हणाली.

"राहिला नाही. होत आलाय."

"अहो, हात बघा आपला."

"तेच बघतोय. एवढं देऊन अर्धा सोडू?"

त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. मी भंगारवाल्याकडे गेले. तो तराजूपाशी बसला होता. मला बघून उठला. दादाचं त्याला कळलं होतं.

"कुणी आणून टाकला होता तो?" मी विचारलं.

"नाव नाही विचारलं. एक माणूस होता. मधल्या वयाचा."

"काही म्हणाला?"

"काहीच नाही. माझ्यासमोरच बांधला त्याने. एका हाताने. गाठ दाताने ओढून." त्याने तराजूतलं वजन उचलून खाली ठेवलं. "मी म्हटलं, मदत करू का. तर मानेनेच नाही म्हणाला."

"आणि दुसरा हात?"

"दुसरा खिशात होता, ताई. सगळा वेळ."

मी घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं, आता तरी याला उमगेल.

"म्हणजे त्यालाही जमला नव्हता," तो म्हणाला.

त्यानंतर मात्र सांगाडा गुणी बाळासारखा वागायला लागला. चढवा, मिटवा. अकरा इंच. दुपारी आवाज नाही. वीतभर जागा नाही. मी काळं कापड शिवलं, दुहेरी शिवण घातली, मागे छोटी काच बसवली. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतकं सुरेख काम आधी झालं नव्हतं. मला वाटलं, संपलं. त्याला जे हवं होतं ते मिळालं असेल.

मंगळवारी कप्तान आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. गाडी शेडबाहेर रस्त्यावर काढून ठेवली होती. त्यांनी आत बसून तीनदा टप मिटवला आणि चढवला. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. सुतार बघायला आला होता. समोरच्या दुकानातले दोघे आले होते. शेवटी कप्तानांनी टप चढवून पुढच्या दोन्ही कड्या अडकवल्या.

उघड्या खिडकीतून आलेल्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि मागच्या सीटमागे खोबणीत पडली.

ते सीटवर गुडघे टेकून मागे वळले. वाकले. हात पोचेना म्हणून आणखी वाकले. कमरेपर्यंत.

पुढची एक कडी... सुटली.

मी ऐकलं. टक्. कुणाचाही हात तिथे नव्हता.

"कप्तान, बाहेर या," मी म्हणाले.

टक्. दुसरी.

टप त्यांच्यावर मिटला.

त्यांची कमर वरच्या पट्टीखाली आली. पाय सीटवर झाडायला लागले. एका लाथेने आरसा तुटून पुढच्या काचेवर आदळला. आम्ही सगळे धावलो. सुताराने पहार घातली, ती वाकली. दुकानातले दोघे दोन्ही बाजूंनी पट्टी वर खेचत होते. एकाच्या तळव्यातून रक्त ओघळत होतं, त्याला पत्ताच नव्हता. टप आणखी खाली गेला. सुटा घाव नव्हता तो. दमाने, एकसारखा दाबत होता, दादाने दाबला होता तसा.

आतून कप्तानांचा दबलेला आवाज आला. "ओढू नका."

"आम्ही ओढत नाहीयोत," दादा म्हणाला. "कप्तान, आम्ही वर उचलतोय."

"तुम्ही नाही." श्वास अडकत होता त्यांचा. "याला सांगा. खाली ओढू नको म्हणावं."

क्षणभर सगळ्यांचे हात थांबले.

मग ती ओल्या फांदीची मोड ऐकू आली. दोनदा. आणि पाय झाडायचे थांबले.

दादाने ग्राइंडर आणला. डाव्या हाताची तीन बोटं, पट्टी अजून सुटलेली नव्हती. तो बोनेटवरून चढून आत उडी मारून गेला आणि बाजूच्या पट्टीवर पातं टेकवलं. ठिणग्या माझ्या नव्या कापडावर पडल्या आणि कापड पेटलं. मी उघड्या हातांनी विझवत होते. डावी पट्टी तुटली तशी एक कमान फटकन वळली आणि माझ्या तोंडावर बसली. दोन दात जिभेवर आले. ते थुंकून मी पुन्हा ज्वाळेवर हात मारायला लागले.

उजवी पट्टी तुटली. आम्ही कप्तानांना बाहेर ओढलं.

ओढावं लागलं. नुसते निघत नव्हते. पाचजणांनी ओढलं, आणि शेवटी मुठीतून काहीतरी सुटावं तसे एकदम आले आणि आम्ही पाचही जण रस्त्यावर उताणे पडलो.

खोबणीत कुणी नव्हतं. मी स्वतः बघितलं. टोपीसुद्धा नव्हती.

कप्तान जगले. पाठीचा कणा दोन ठिकाणी मोडला, कमरेखाली आता काही जाणवत नाही. पोलीस आले, पंचनामा झाला. कागदावर लिहिलं, स्प्रिंग सटकल्याने अपघात. मी त्यांना फळीवर ठेवलेल्या दोन्ही स्प्रिंगा दाखवल्या. त्यांनी त्या बघितल्या आणि तेच लिहिलं. त्यांनी तरी दुसरं काय लिहायचं?

दादाने गॅस कटरने त्या सांगाड्याचे तेवीस तुकडे केले. ते घेऊन आम्ही भट्टीवर गेलो. शेवटचा तुकडा वितळेपर्यंत मी तिथून हलले नाही. तोंडाला टाके होते, भट्टीची धग टाक्यांना सोसत नव्हती, तरी उभी राहिले.

इथे संपायला हवं होतं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, दुपारी माझा फोन वाजला. कप्तान होते.

"टप कधी करताय?" त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने, कपडे शिवून झाले का विचारावं तसं.

मी म्हणाले, "कप्तान, तो सांगाडा आता राहिला नाही."

"माहीत आहे. दुसरा करा."

"तुम्ही गाडी विकून टाका. ऐका माझं."

 मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग लक्षात आलं... श्वास दोन वेगळ्या लयींत येत होता.

"विकेन हो," कप्तान म्हणाले. "पण मागे तो पडलाय ना. उघड्यावर. त्याला ऊन लागतं."

मी फोन ठेवला. त्यांच्या मुलीला फोन करून विचारलं, वडिलांजवळ कोण असतं? ती म्हणाली, दुपारी कुणीच नसतं, खुर्ची गॅरेजमध्ये नेऊन ठेवा म्हणतात आणि गाडीपाशी बसून राहतात. बोलतात हळू आवाजात. रागावलेले नसतात. उलट कुणाचीतरी समजूत घालत असतात.

ते दर रविवारी फोन करतात. मी उचलणं सोडलं. मग ते दादाला करायला लागले.

मागच्या आठवड्यात दादा त्यांच्याकडे एकटाच जाऊन आला. परत आल्यावर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर तो जमिनीवर उकिडवा बसून खडूने पाच कमानी आखत होता.

"काय करतोयस हे?"

"आधीचं माप चुकलं होतं माझं," तो म्हणाला. मान वर केली नाही. "या वेळी त्याच्या मापाने करायचं."

"कुणाच्या? कप्तानांच्या?"

दादाने रेघ पूर्ण केली. हाताने खडूची भुकटी पुसली. मग पुढची कमान आखायला घेतली.

लोखंडी नळ्या परवा आल्या. वहिनी माझ्याशी बोलत नाही, तिला वाटतं मीच त्याला भरीला घातलं. आज सकाळी दादाने माझ्या मशीनवर काळ्या कापडाचा नवा तागा आणून ठेवला आणि विचारलं, "शिवशील ना?"

मी हो म्हणाले नाही.

पण नाही असंही माझ्या तोंडून निघालं नाही. सकाळपासून तीनदा म्हणायला गेले. दुपार झाली, सुताराचं मशीन बंद झालंय, आणि मी अजून त्या ताग्यासमोर बसून आहे.